पुण्यापासून सगळ्यात लांब

वसुधाताई दामल्यांना चहा कसा लागतो, हे मला आजही सांगता येणार नाही. माझ्याकडे त्यांनी तो कधी संपवलाच नाही. कप हातात घेऊन त्या बाल्कनीत जायच्या, तिथून स्वयंपाकघरात, तिथून दाराशी, आणि कप कुठेतरी टेकवून जिना उतरायला लागायच्या. त्या गेल्यावर तो अर्धा कप कधी वॉशिंग मशीनवर सापडायचा, कधी चपलांच्या कपाटावर. 'येते गं' हे त्यांचं आल्या आल्याचंच वाक्य होतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही नवराबायको जपानात, टोकियोजवळच्या उरायासुला नवेनवे आलो होतो. संजय सॉफ्टवेअरमध्ये, त्यामुळे सकाळी गेला की जेवायच्या वेळेलाच उगवायचा. मी दिवसभर घरी. मला घरात बसायला मनापासून आवडतं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जी कुरकुर करणार आहे ती कुठून येते ते कळेल. वसुधाताई आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायच्या. वयाने माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठ्या, उंच, हडकुळ्या. अंगात सलवार-कमीज, त्यावर यजमानांचं जुनं विंडचीटर आणि पाठीवर निळी सॅक. यजमान माधवराव योकोहामाला एका जहाज कंपनीत इंजिनिअर होते. मुलगा भारतात होस्टेलवर राहून शिकत होता.

आमची ओळख कचऱ्यामुळे झाली. जळणारा कचरा कुठल्या वारी आणि न जळणारा कुठल्या वारी, याचा माझा घोळ झाला होता. इमारतीची देखरेख करणारे आजोबा माझ्या पिशवीपाशी उभे राहून नुसती मान हलवत होते. ते रागावले असते तर बरं, पण ते सुस्कारे टाकत होते. तेवढ्यात मागून वसुधाताई आल्या. त्यांनी पिशवी माझ्या हातातून घेतली, आजोबांशी मोडक्या जपानीत काहीतरी बोलून त्यांना हसवलं आणि मला म्हणाल्या, "नवीन ना तू? चल, समुद्र बघून येऊ." मी घरातल्या स्लिपरवर होते. "अहो, पण कुकर लावायचाय," मी म्हटलं. "कुकर काय पळून जातोय?" त्या म्हणाल्या, आणि चालायलाही लागल्या. परत आले तेव्हा दुपार कलली होती आणि दोन्ही टाचांना फोड आले होते.

संक्रांतीला त्यांचं हळदीकुंकू असायचं, पण तेही जगावेगळं. बायकांना घरी बोलवायचं म्हणजे दिवसभर घरात अडकून पडायचं. त्यापेक्षा त्या तिळगुळाचा डबा, कुंकवाची कुयरी आणि वाणाच्या वस्तू सॅकमध्ये भरून स्वतःच निघायच्या. उरायासु झालं की शेजारचं इचिकावा. "तुम्ही कशाला येता, मीच येते," असा फोन आला की समजायचं, दहा मिनिटांत बेल वाजणार. मग दारातच कुंकू, दारातच तिळगूळ, आणि उखाणा घ्या म्हणेपर्यंत त्या लिफ्टमध्ये. इचिकावाच्या एका बाई म्हणायच्या, "दामलेवहिनींचं हळदीकुंकू म्हणजे पोस्टमन येऊन गेल्यासारखं वाटतं."

माधवराव अगदी उलट. बसले की बसले. रविवारी ते खुर्चीत पेपर घेऊन असायचे आणि वसुधाताई त्यांच्याभोवती फेऱ्या मारत बोलायच्या. "वसुधा, बस की जरा," ते म्हणायचे. "बसायचं काय, म्हातारपणी बसायचंच आहे," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. माधवराव आम्हाला सांगायचे, "हिच्या पायाला भिंगरी आहे आणि माझ्या पायाला खुर्ची. म्हणून तर जमलं."

त्यांची सगळ्यात लाडकी करामत आगगाडीची होती. तिकडे असा नियम आहे की गाडी बदलत, स्टेशनाबाहेर न पडता आणि एक स्टेशन दोनदा न गाठता तुम्ही हवा तेवढा वळसा घालून जाऊ शकता. पैसे मात्र जवळच्या रस्त्याचेच पडतात. त्यामुळे वसुधाताई पुढच्याच स्टेशनाचं तिकीट काढायच्या आणि उलट्या दिशेच्या गाडीत बसून अर्धा मुलूख फिरून संध्याकाळी तिथे उतरायच्या. एकदा मलाही नेलं. सकाळी थालीपिठं बांधून निघालो. शेतं गेली, कारखाने गेले, कुठला तरी बर्फाचा डोंगर लांबून दिसला. मी दर मोठ्या स्टेशनावर विचारत होते, "ताई, इथे उतरून बघू या का?" त्या खिडकीला नाक लावून म्हणाल्या, "उतरायचंच कशाला?" गाडीत मात्र त्या बसायच्या, हे मी त्या दिवशी पाहिलं. गाडी चालू असेपर्यंत बसायच्या. स्टेशनात जरा जास्त थांबली की लगेच उठून दारात.

पुण्याला फोन करायचा तर त्या स्टेशनाबाहेरच्या सार्वजनिक फोनवर जायच्या, कारण घरात त्यांना बोलायला सुचत नसे. फोनकार्ड घालून रिसीव्हर कानाला लावायच्या आणि वायर पुरेल तितक्या फेऱ्या मारायच्या. चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे. त्या वर्षी पावसाळ्याच्या सुमारास मी त्यांच्याबरोबर तिथे उभी होते. पलीकडून त्यांची धाकटी जाऊ बोलत होती. बोलता बोलता वसुधाताई थांबल्या. त्यांचं थांबणं इतकं नवीन होतं की मी हातातली छत्री मिटवायची विसरले.

फोन ठेवून म्हणाल्या, "मार्चनंतर आम्ही परत. यांची बदली झाली पुण्याला."

"अरे वा," मी म्हटलं, कारण अशा वेळी तसंच म्हणायचं असतं.

"शैला म्हणाली, वहिनी, आता तुमची पाळी."

पाळी म्हणजे सासूबाईंचं करायची. अर्धांगाने त्यांची उजवी बाजू गेलेली होती. कितीतरी वर्षं त्या पुण्याच्या ब्लॉकमधल्या मागच्या खोलीत पडून होत्या. त्या खोलीला एकच खिडकी आणि खिडकीबाहेर शेजाऱ्यांची भिंत. धाकट्या जावेने त्यांचं सगळं केलं होतं, एकही रजा न घेता. आता तिला तिच्या मुलीच्या बाळंतपणाला जायचं होतं, आणि खरं म्हणजे ती दमली होती. "तिचं शंभर टक्के बरोबर आहे," वसुधाताई म्हणाल्या. "मी इथे हिंडत होते, ती तिथे शौचाची भांडी ठेवत, काढत होती. मी जाणार. नाही म्हणायला मला तोंडच नाही." आणि पुन्हा चालू लागल्या, पण त्या दिवशी त्यांच्या चालण्याला दिशा नव्हती. एकाच चौकात आम्ही तीनदा आलो.

त्या आठवड्यात त्या आमच्याकडे आल्या आणि संजयने हौसेने आणलेला पृथ्वीचा गोल त्यांनी फडताळावरून खाली काढला. एक बोट पुण्यावर ठेवलं, दुसरं गोलाच्या बरोबर पाठीमागे. "इथे सगळं पाणीच आहे गं!" त्या वैतागल्या. मग बोट जरा सरकवत जमिनीवर आणलं. "हे बघ, पेरू. इथे डोंगरात कुस्को म्हणून जुनं शहर आहे. स्पॅनिश लोकांनी नव्याने बांधलेलं, दगडाचे रस्ते, लाकडी सज्जे. मी तिथे जाणार."

"तिथेच का?"

"कारण पुण्यापासून यापेक्षा लांब जाता येत नाही. याच्या पुढे गेलं की पुणं जवळ यायला लागतं."

दुसऱ्या दिवशी माधवराव स्वतः खाली आले. माझ्याकडे बसले, चहा पूर्ण प्यायले. मग म्हणाले, "सुनीताबाई, तुम्ही हिच्याबरोबर जाल का? मी संजयरावांशी बोलतो. येन सध्या वधारलाय, तिकिटं स्वस्तात मिळतील." मी म्हटलं, "अहो, मी नुसती ओझं होईन त्यांना." ते म्हणाले, "तेच हवंय. एकटी गेली तर परत येईल की नाही, याची मला खात्री वाटत नाही." हसत म्हणाले, पण चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले. निघताना परतीची तिकिटं त्यांनी माझ्या हातात दिली.

अशी मी, जिला नाक्यावरच्या दुकानात जायचाही कंटाळा, पेरूला गेले. संजयने आठवड्याची मुदत दिली होती. जाण्यायेण्यातच त्यातली बरीचशी गेली आणि कुस्कोच्या वाट्याला एक दिवस उरला.

सकाळी विमानातून उतरलो तेव्हा माझं डोकं ठणकत होतं. शहर फार उंचावर, हवा विरळ. लॉजच्या बाईने कसल्याशा हिरव्या पानांचा चहा दिला आणि दोन्ही हात गालाखाली जोडून सांगितलं, झोपा. वसुधाताईंनी चहाचा एक घोट घेतला, कप जिन्याच्या कठड्यावर ठेवला. "इतक्या लांब काय झोपायला आलोय?" मी भिंतीला धरत त्यांच्या मागे निघाले.

शहर सुंदर होतं, हे कबूल करायला हवं. रस्ते अरुंद आणि चढाचे, दोन्हीकडे पांढरी घरं, निळे सज्जे, कौलं. पण घरांचा खालचा भाग वेगळाच. मोठमोठे काळसर दगड, एकमेकांत असे बसवलेले की मध्ये नखही जाऊ नये. ते जुन्या राजांच्या वेळचे, आणि त्यांच्यावर स्पॅनिश लोकांनी आपले मजले चढवलेले. वसुधाताई त्या दगडांवरून हात फिरवत चालत होत्या. "पाया एकाचा, नांदतंय दुसरंच कोणी," त्या म्हणाल्या. "सासरचंच घर की हे."

चौकात मोठं चर्च होतं. पायऱ्या चढून वसुधाताईंनी दाराशी बूट काढले. खास या प्रवासासाठी योकोहामाहून घेतलेले चालायचे बूट. काढून, वळवून, टोकं बाहेरच्या दिशेला करून एकमेकांना चिकटवून नीट ठेवले, जपानात घराच्या दारात ठेवतात तसे.

"ताई, चर्चमध्ये नाही काढत," मी म्हटलं.

"आत देव आहे ना? मग झालं तर."

थंडगार फरशीवरून त्या अनवाणी भराभर फिरल्या. प्रत्येक मूर्तीपुढे हात जोडले. बाहेर आलो तर पायऱ्या मोकळ्या. पुण्यात असत्या तर त्यांनी एक बूट या खांबाशी आणि दुसरा त्या खांबाशी ठेवला असता. जोडी फुटली की चोर हात लावत नाही, हे कुठल्याही पुणेकराला सांगावं लागत नाही. पण जपानात इतकी वर्षं काढल्यावर ठेवलेली वस्तू जाते, हेच आम्ही विसरलो होतो.

"गेले तर गेले," वसुधाताई म्हणाल्या. "माझ्याआधी निघाले, एवढंच." आणि तशाच चालू लागल्या. दगडी चढावरून, अनवाणी, पाठीवर सॅक. पोरं हसत मागे यायला लागली. टोपल्या घेऊन बसलेल्या एका बाईने आपल्या शेजारणीला कोपराने डिवचून त्यांचे पाय दाखवले. मी लाजेने अर्धी झाले होते. वरच्या टेकाडावर पोचल्यावर खाली कौलांचा लाल पसारा दिसला. मी एका ओट्यावर बसून धापा टाकत होते आणि त्या विचारत होत्या, "आता तो पलीकडचा चढ?"

शेवटी बाजारात एक चांभार सापडला. जुन्या टायरच्या चपला कापून देणारा. आपल्याकडे आठवडी बाजारात मिळतात, थेट तशाच. वसुधाताई खूश झाल्या. त्याने टायरच्या तुकड्यावर त्यांचा पाय ठेवायला लावला, पण माप घेईपर्यंत पाय तिथे राहील तर ना! मिरच्या बघायला एकदा निघाल्या, मक्याची कणसं बघायला दुसऱ्यांदा. तेव्हा त्याने सरळ त्यांचा घोटा धरला आणि स्टुलावर बसवलं. कापून, पट्टे ठोकून होईपर्यंत सोडलाच नाही. वसुधाताई ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या. मला आधी हसू आलं. मग त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि हसू गेलं. बसल्यावर माणसाच्या मनात जे येतं, ते सगळं त्यांच्या चेहऱ्यावर आलं होतं.

नव्या चपला घालून त्या उठल्या आणि मला न विचारता वळल्या त्या बसच्या अड्ड्याकडे. "इथून कुठे जाते ते फक्त विचारते," म्हणाल्या. एक जुनाट बस उभी होती. टपावर बटाट्याची पोती चढत होती. कंडक्टर दाराला लोंबकळून ओरडत होता, "पुनो, पुनो, पुनो!" पुनो म्हणजे तळ्याकाठचं गाव, आणि तिथून पुढे दुसरा देश. वसुधाताई चढल्या. खिडकीजवळ जागा घेतली, सॅक मांडीवर घेतली आणि काच सरकवून मला म्हणाल्या, "सुनीता, तू जा. मी दोन दिवसांनी येते."

"ताई, उद्या सकाळी विमान आहे."

"मग पुढच्याने येते."

"माधवरावांना काय सांगू मी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम वाकडा झाला. "मला नाही जायचं गं पुण्याला," त्या म्हणाल्या, आणि रडायला लागल्या. भर अड्ड्यात, मोठ्याने, लहान मुलासारख्या. "सासूबाई वाईट नाहीत. वाईट असत्या तर सोपं होतं. तोंडावर भांडले असते आणि सुटले असते. त्यांनी मला बाळंतपणात न्हाऊ घातलंय. मला त्यांची भीती नाही, त्या खोलीची आहे. ती भिंत दिसते ना खिडकीतून, ती बघत मी वेडी होईन. मग त्यांनाही छळीन. माझी मला खात्री नाही."

त्यांचं काही चूक नव्हतं, जावेचं नव्हतं, त्या पडलेल्या म्हातारीचंही नव्हतं. परतीची तिकिटं माझ्या पर्समध्ये होती, तरी मला त्यांचा राग आला नाही. खिडकीतून हात घालून मी त्यांचा हात धरला, एवढंच.

बस सुटेना. कंडक्टर ओरडतच होता, पण बस भरल्याशिवाय निघायची नाही, हे आम्हाला कळायला वेळ लागला. दोन माणसं चढली, तीन उतरली. ड्रायव्हर खाली बसून सूप पीत होता. वसुधाताईंनी डोळे पुसले. सॅक उजवीकडून डावीकडे केली. उभ्या राहिल्या, बसल्या, काच पुढे केली, मागे केली. "किती वेळ आहे विचार," मला म्हणाल्या. कंडक्टरने हाताने सांगितलं, आत्ता, आत्ता. आणखी एक पोतं चढलं. शेवटी त्या ताडकन उठल्या आणि धक्के देत खाली उतरल्या.

"मेली सुटतच नाही!" त्या संतापून म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, डोळे अजून ओले असताना, त्यांना हसू फुटलं. "पळून जायचं तरी आधी बसून राहावं लागतं. ते मला कुठलं जमायला!"

आम्ही लॉजवर चालत आलो. लांबच्या रस्त्याने, हे सांगायला नकोच.

मार्चमध्ये सामान बांधलं गेलं. विमानतळावर मी रडत होते आणि वसुधाताई सरकत्या पट्ट्यावर उलट्या दिशेने चालून बघत होत्या. नंतर फोन आले, पण तुटक. "बरं चाललंय," इतकंच. त्या आवाजात फेऱ्या ऐकू यायच्या नाहीत, आणि मला धास्ती वाटायची.

दोनेक वर्षांनी सुट्टीत पुण्याला गेले तेव्हा न कळवता त्यांच्या घरी गेले. माधवरावांनी दार उघडलं. "दोघी बाहेर गेल्यात," ते म्हणाले. मला वाटलं, जावाजावा. "छे हो! ही आणि आई."

त्यांनी मला ती मागची खोली दाखवली. एक खिडकी, बाहेर भिंत. खिडकीखाली त्यांची आरामखुर्ची आणि पेपर. "इथे आता मी बसतो," ते म्हणाले. "छान शांत आहे." मग सांगितलं ते असं. पहिले काही महिने वसुधाताईंनी खोलीतच सगळं केलं. त्यांना जेवण जाईना, दोघी सासूसुना एकमेकींवर खेकसायला लागल्या. एक दिवस त्यांनी चाकांची खुर्ची आणली आणि सासूबाईंना उचलून तीत घातलं. पुण्याच्या रस्त्यांवर तिची चाकं पहिल्याच खड्ड्यात अडकली. मग सायकलवाल्याकडून सायकलीची चाकं बसवून घेतली. सासूबाईंनी आधी रडून गोंधळ घातला. लोक बघतात, माझे हाल करतेस, म्हणून. आठवडाभर शिव्या. "आणि आता?" मी विचारलं. माधवरावांनी त्या रिकाम्या खोलीकडे हात केला.

मी चहा घेतला, बसून, पूर्ण. वाट पाहिली, पण त्या काही आल्या नाहीत. संजयच्या मावशीकडे जेवायला जायचं होतं, म्हणून शेवटी निघाले.

रिक्षा कालव्याच्या रस्त्याला लागली आणि समोरून त्या दिसल्या. वसुधाताईंचे केस पांढरे झाले होते. अंगावर साडी, पदर खोचलेला, दोन्ही हातांनी खुर्ची रेटत त्या चढ चढत होत्या. खुर्चीत इवलीशी म्हातारी, डोक्याला कानटोपी, मांडीवर भाजीची पिशवी. मी रिक्षा थांबवून बाहेर वाकले आणि जिवाच्या आकांताने ओरडले, "वसुधाताई!"

त्यांनी पाहिलं. तोंडभर हसू आलं. पण खुर्ची थांबली नाही. "अगं सुनीता! कधी आलीस? घरी ये उद्या!"

"अहो, थांबा ना जरा!"

"नाही थांबता येत गं," त्या मान वळवून ओरडल्या. "थांबलं की या ओरडतात!"

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं, रस्त्यात आडव्या आलेल्या म्हशीकडे बघावं तसं. मग तिने आपला धड हात खुर्चीच्या दांड्यावर आपटला, पुढचा चढ दाखवला, आणि वसुधाताई निघाल्या.